पॅचखालची सही

६ जानेवारी २०२५, सोमवार

डायरी पाच दिवस कोरी ठेवली होती. आज मात्र लिहायला बसलो, कारण आज एका मुलीनं मला गप्प केलं आणि ही गोष्ट स्टाफरूममध्ये सांगण्यासारखी नाही.

पहिल्या पानावर नावगाव असावं म्हणून लिहितो. मी जालिंदर थोरात, दौंडजवळच्या एका पॉलिटेक्निकमध्ये अठरा वर्षं मायक्रोप्रोसेसर शिकवतो. या अठरा वर्षांत एक वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहिलंय आणि त्याखाली दोन रेघा मारल्यात: ‘डीबगर फक्त बघतो, प्रोग्रॅमला हात लावत नाही.’ मग मुलांना सांगतो, प्रोसेसरमध्ये ट्रॅप फ्लॅग नावाचा एक बारीक खटका असतो. तो चालू केला की प्रोसेसर एक सूचना पाळतो नि थांबतो, दुसरी पाळतो नि थांबतो. प्रत्येक पायरीला आपण आत डोकवायचं आणि चूक शोधायची. काम झालं की खटका बंद करायचा आणि प्रोग्रॅमला त्याच्या वाटेनं जाऊ द्यायचं. कुणाला इजा नाही, काही नाही.

प्राची भालेराव तिसऱ्या वर्षाला आहे, पाटसवरून येते. दुपारी चहाच्या वेळी लॅपटॉप उघडाच घेऊन लॅबमध्ये आली.

“सर, ह्यो प्रोग्रॅम सरळ चालवला तर नीट चालतोय. पण एकेक पायरीनं तपासून मग सोडला तर मरतोय.”

“टाइप करताना काहीतरी चुकलं असेल.”

“न्हाई सर. तीनदा बघितलं.”

“मग व्हायरस असेल.”

तिनं फक्त चौथ्यांदा चालवून दाखवला. तो चौथ्यांदा मेला. व्हायरस म्हणाल्याची मला इतकी लाज वाटली की चहा तसाच राहिला.

७ जानेवारी

सकाळी कोणी यायच्या आत लॅबच्या मशीनवर करून बघितलं. मेला.

कारण प्राचीनं आधीच शोधून ठेवलं होतं. वहीत चित्र काढून मला समजावलं, तेही मी तिला समजावायचो त्याच पद्धतीनं. प्रोग्रॅममध्ये एक सूचना असते, ती त्या क्षणी असलेल्या सगळ्या फ्लॅगची नक्कल काढून ठेवते, पुढं कधीतरी परत लावायला. नेमकी तीच सूचना आपण पायरीनं चालवली, की आपला चालू खटकाही नकलेत जातो. आपण काम संपवून, खटका बंद करून निघून जातो. थोड्या वेळानं प्रोग्रॅम ती नक्कल परत लावतो, खटका आपोआप चालू होतो, प्रोसेसर थांबतो, आणि आता त्याला पुढं जा म्हणणारं कोणी नसतं. मग कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, त्याला बेवारस समजून मारून टाकतो.

म्हणजे डीबगर हात लावतो. अठरा वर्षं, वर्षाला साठ मुलं. गुणाकार केला नाही.

आमच्या लॅबमध्ये ‘ओरिओल’ नावाची एक छोटी, मोफत ऑपरेटिंग सिस्टीम आहे. ती जगभरचे हौशी लोक मिळून बनवतात आणि सगळी चर्चा ईमेलच्या एका यादीवर होते, कोणीही वाचावी अशी. प्राचीचं म्हणणं, ही चूक त्यांच्या कर्नलमध्येच दुरुस्त करता येईल. मग तिनं जरा चाचरत पुढचं सांगितलं. एका परदेशी संस्थेचा सहा महिन्यांचा कार्यक्रम आहे, घरी बसून जाणत्या लोकांच्या हाताखाली कर्नलचं काम शिकायचं. अर्ज करायचा तर आपल्या नावावर एक पॅच, म्हणजे एक दुरुस्ती, स्वीकारलेली असली पाहिजे. मुदत २८ फेब्रुवारी.

“तेवढं झालं ना सर, तर बास.”

“मी आहे ना,” मी म्हणालो. ती हसली. मलाही बरं वाटलं. वाक्य चुकलं तर चुकलं, निदान माणूस कामाला यावा.

१३ जानेवारी

भोगी. डब्यात तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी होती. ती खात खात आम्ही पॅच पुरा केला. एकूण चौदा ओळी. पायरी संपल्यावर कर्नलनं बघायचं की आत्ताची सूचना नक्कल काढणारी होती का, आणि असली तर नकलेतला आपला खटका पुसून टाकायचा. प्राचीनं लिहिलं, मी शेजारी बसून देखरेख केली. एका ठिकाणी कंसानंतर जागा सोडायची राहिली होती, ती मी दाखवून दिली. दोघांच्या मेहनतीचं फळ आहे.

प्रोग्रॅम पायरीनं चालवला, सोडला, आणि तो जगला! खंडू आमचा लॅब असिस्टंट. त्यालाही बोलावून दाखवलं. तो म्हणाला, “सर, ह्यात नवीन काय झालं? कालबी चालतच हुता की.” त्याला काय सांगणार.

१५ जानेवारी

पॅच पाठवला.

या यादीचे रिवाज पोस्टाच्या जमान्यातले वाटतात. मेल साध्या अक्षरात, वर पाठवणाऱ्याचं नाव, खाली एका ठराविक ओळीत सही. प्राचीनं विचारलं, “सर, इथं काय टाकायचं?” मी म्हणालो, हे काय विचारणं झालं. विद्यार्थ्याच्या कामाखाली सही सरांचीच असते. प्रॅक्टिकलचं जर्नल असो, प्रोजेक्ट रिपोर्ट असो, माझी सही नसेल तर बाहेरचा परीक्षक पान उलटत नाही. शिवाय परदेशातली माणसं, त्यांना वाटायला नको की पोरासोरांचं काम आहे. म्हणून वर माझं नाव, खाली माझी सही, हुद्द्यासकट. तिच्यावर अन्याय नको म्हणून शेवटी एक ओळ घातली: ‘या कामात आमची विद्यार्थिनी कु. प्राची हिचे सहकार्य लाभले.’

ती स्क्रीनकडं बराच वेळ बघत होती. मग म्हणाली एसटीची वेळ झाली. तिची एसटी पाच वाजता असते, तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. पोरगी फार वक्तशीर आहे.

१८ जानेवारी

उत्तर आलं! इंग्रिड नावाच्या बाई आहेत नॉर्वेच्या, ओरिओलच्या त्या भागाचं सगळं त्याच तपासतात. त्यांचं पत्र म्हणजे डॉक्टरची चिठ्ठी, एक शब्द जास्तीचा नाही. विचारलंय: एखाद्या प्रोग्रॅमनं स्वतःच्या कामासाठी स्वतःच तो खटका चालू केला असेल तर? तुमचा पॅच तोही पुसेल, मग त्या प्रोग्रॅमचं काय? शेवटी एक ओळ होती, की खालची सही काम ज्यानं केलं त्याचीच आहे ना, याची खात्री करून पुढचा पॅच पाठवा. ती औपचारिक बाब दिसते.

प्रश्न मात्र खरा आहे. मला उत्तर येत नाही. सोमवारी प्राचीला विचारतो.

२३ जानेवारी

प्राची सोमवारपासून लॅबमध्ये आली नाही. गळीत हंगाम आहे, कारखान्याकडं उसाच्या ट्रॉल्यांची रांग असते, रस्त्यात अडकत असेल असं खंडूला म्हणालो.

“न्हाई ओ सर. रोज येतीया की. लायब्रीत बसती खिडकीपाशी. हिकडं न्हाई येत फकस्त.”

“परीक्षेचं वाचत असेल.”

खंडूनं माझ्याकडं बघितलं आणि फडकं घेऊन कीबोर्ड पुसायला लागला. पुसलेलेच कीबोर्ड पुन्हा पुसत होता.

मी स्वतः करायचं ठरवलं. तीन दिवसांत लॅबची दोन मशीन बंद पाडली. तिसऱ्यावर मात्र एक गोष्ट सापडली आणि ती माझी आहे! नक्कल काढणाऱ्या सूचनेच्या पुढं कोणी बिनकामाचा एखादा बाईट जोडला तर प्रोसेसर तो निमूट चालवून घेतो, पण आमची तपासणी फसते. तिला सूचना ओळखूच येत नाही. असे बिनकामाचे बाईट मी अठरा वर्षं शिकवतोय, मुलं त्यावर दोन मार्क सोडून देतात. कोणाला तरी सांगावंसं वाटत होतं. लायब्ररीत गेलो तर ती खिडकी रिकामी होती.

२ फेब्रुवारी, रविवार

बायकोच्या, म्हणजे सविताच्या, मावशीकडं पाटसला जेवायला गेलो होतो. येताना स्टँडवर एक गृहस्थ समोर आले, अंगात कारखान्याचा निळा ड्रेस. प्राचीचे वडील, धम्मदीप भालेराव. कारखान्यात फिटर आहेत. त्यांनी आधी चहा घ्यायलाच लावला.

“सर, एक विचारू का? राग नका मानू. पोरगी म्हणती आता त्यो फॉर्म भरत न्हाई.”

“का? पॅच गेलाय की! उत्तरसुद्धा आलंय.”

“व्हय, म्हणली ती. पण तिचं नाव न्हाई म्हणं त्याच्याव. मला त्यातलं कळत न्हाई. म्या म्हणलं, सरांनी केलं असंल तर बरूबरच असंल.”

“अहो, नाव आहे की! खाली स्पष्ट लिहिलंय, सहकार्य लाभले म्हणून.”

“हां हां. मग तिचंच ऐकण्यात चुकलं आसंल,” ते म्हणाले, आणि चहाचे पैसे मला काही देऊ दिले नाहीत.

परतताना एसटीत सविताला सांगितलं की आजकालची मुलं किती हळवी असतात. सविता तहसील कचेरीजवळ एका दस्तलेखकाकडं खरेदीखतं टाइप करते. तिनं सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, “चौदा ओळींतल्या तुम्ही किती लिहिल्या?”

“देखरेख माझी होती.”

“तुम्ही किती लिहिल्या, ते विचारलं मी.”

मी कंसानंतरच्या जागेचं सांगितलं. ती इतकी हसली की पुढच्या सीटवरच्या बाईंनी वळून बघितलं. मग हसू ओसरल्यावर म्हणाली, “अहो, आमच्याकडं साक्षीदार साक्षीदाराच्या जागी सही करतो. लिहून देणाराच्या जागी केली तर दस्त परत फिरतो. तुम्ही त्या पोरीची जमीन स्वतःच्या नावावर लिहून घेतलीत आणि खाली लिहिलंत, हिचं सहकार्य लाभलं.”

दुसऱ्या कोणी केलं असतं तर मी हसलो असतो. स्वतःवर हसू येईना. ७ जानेवारीचं पान काढून वाचलं. ‘आपल्या नावावर’ हे शब्द माझ्याच अक्षरात आहेत.

मला चोरी करायची नव्हती, हे खरं आहे. पण झाली ती चोरीच, हेही खरं आहे. फार वाईट वाटतंय.

३ फेब्रुवारी

लायब्ररी उघडायच्या आधीच जाऊन दारात उभा राहिलो. प्राची आली, मला बघून थबकली.

“माझं चुकलं,” मी म्हणालो. घरून पाठ करून गेलेलं भाषण यापेक्षा बरंच मोठं होतं, पण एवढंच बाहेर आलं.

“असू द्या सर.”

“असू देऊन कसं चालेल? तू बोलली का नाहीस?”

“तुम्हीच सर. मग काय बोलनार? म्हणलं असंच असत आसंल.”

हे ‘असंच असत असेल’ मला व्हायरसपेक्षा जास्त लागलं. माझ्या अठरा वर्षांच्या सगळ्या सह्या डोळ्यांपुढून गेल्या. किती जर्नलं मी आत न बघता सही करून परत दिली असतील.

लॅबमध्ये बसून यादीला पत्र लिहिलं. इंग्रजी माझंच, म्हणून मोडकं आहे. लिहिलं, की या पॅचची लेखिका प्राची धम्मदीप भालेराव आहे. मी तिचा शिक्षक आहे. आमच्याकडं विद्यार्थ्याच्या कामाखाली शिक्षक सही करतो, त्या सवयीनं मी तिच्या जागी सही केली. ती काढावी. शिवाय ही चूक जिच्यामुळं सापडली तिला मी वर्गात नेमकं उलटं शिकवलं होतं.

प्राची मागं उभी राहून वाचत होती. “सर, शेवटचं वाक्य काढा ना. सगळं जग वाचंल.”

“वाचू दे,” मी म्हणालो आणि पाठवून टाकलं. पाठवल्यावर इतकं मोकळं वाटलं की खंडूला चहा सांगितला. त्यानं दोनऐवजी तीन आणले आणि तिसरा स्वतःच प्यायला.

५ फेब्रुवारी

इंग्रिडबाईंचं उत्तर एका ओळीचं: ‘नोंद घेतली. लेखिकेला माझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला सांगा.’

लेखिका उत्तर अठरा जानेवारीपासून डोक्यात घेऊन बसली होती! खटका चालू करायच्या आधी कर्नलनं बघून ठेवायचं, तो आधीच चालू होता का. आधीचाच असेल तर प्रोग्रॅमचा आहे, नकलेला हात लावायचा नाही. नसेल तर आपला आहे, पुसायचा. दोन ओळींचं काम. मी खुर्चीवरून उठलोच.

१२ फेब्रुवारी

हा आठवडा मजेत गेला. प्राचीला माझा बिनकामाचा बाईट दाखवला. तिनं तो दोनदा चालवून बघितला, मग म्हणाली, “सर, हे मला सुचलंच नसतं.” मी ते तिला दुसऱ्यांदा म्हणायला लावलं.

मग आम्ही प्रोग्रॅमला छळायला बसलो. एक बाईट पुढं, दोन बाईट पुढं, नक्कल मेमरीच्या पानाच्या अगदी कडेला, खटका प्रोग्रॅमचा, खटका आमचा, दोघांचा. ती चाली रचायची, मी मोडायला बघायचो. एकदा पॅच खरोखरच मोडला. पानाच्या कडेला आमची पुसापुशी भलत्याच जागी होत होती. प्राची ओरडली, “सापडला!” आणि आम्ही दोघं असे हसलो की शेजारच्या वर्गातून प्राचार्य बघायला आले. त्यांना वाटलं काहीतरी चांगलं घडलंय. मी म्हणालो, चूक सापडली. ते मान हलवून गेले.

नवा पॅच आज गेला. सव्वीस ओळी. वर तिचं नाव, खाली तिची सही. माझं नाव त्याखाली, ‘तपासले’ या ओळीत. तिथं ते छान दिसतं.

२१ फेब्रुवारी

काही नाही. नऊ दिवस झाले. प्राची रोज येते, मेल बघते, कामाला लागते. मी बाईंना आठवण करायची का विचारलं तर म्हणाली, यादीवर घाई केलेली चालत नाही. मला चालत नाही त्याचं काय?

आणि एक बोचतंय. मी मधले अठरा दिवस खाल्ले नसते तर हे जानेवारीतच झालं असतं.

२४ फेब्रुवारी

इंग्रिडबाईंचा शेवटचा प्रश्न आला: तपासणीचा प्रोग्रॅमही सोबत द्याल का, म्हणजे पुढं कोणी हे पुन्हा बिघडवलं तर लगेच कळेल? प्राचीनं तो दीड तासात नीट लावून पाठवला. आमचे सगळे छळ त्यात ओळीनं आहेत. चार दिवस उरले.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

कॉलेजला सुट्टी. सकाळी भगर आणि शेंगदाण्याची आमटी पुढ्यात असतानाच फोन वाजला.

“सर! घेतला!”

“काय घेतला?”

“पॅच ओ सर! घेतला पॅच!” मागं बरंच माणूस होतं, कोणीतरी शिट्टी मारली. मग फोन तिच्या वडिलांनी घेतला. “सर, म्या आत्ता पाळीवरनं आलो. नाव बघितलं. पुरं हाय सर, मधी माझं बी हाय. धम्मदीप.”

फोन ठेवून मी सविताकडं बघितलं. ती म्हणाली, “पेढे उपासाला चालतात. उठा.” अर्ध्या तासात आम्ही पाटसच्या वाटेवर होतो. प्राचीनं तिथंच, आमच्यासमोर, अर्ज भरला. ‘स्वीकारलेला पॅच’ या रकान्यात दुवा चिकटवला आणि मग तोच दुवा उघडून सगळ्यांना पुन्हा एकदा दाखवला.

१२ मार्च

आज दुसऱ्या वर्षाला ट्रॅप फ्लॅग शिकवायचा होता. तारीख जवळ येत होती तसं मला सुचेना काय शिकवावं. खडू हातात घेऊन मुलांना म्हणालो, “हे मी अठरा वर्षं चुकीचं शिकवलंय. ज्यांना मागच्या वर्षाच्या वह्या मिळाल्यात त्यांनी ती ओळ खोडा. बरोबर काय ते जिनं शोधलं, ती सांगेल.”

दारात प्राची उभी होती. तिला मी सकाळीच सांगितलं होतं, तरी खडू घेताना तिचा चेहरा पांढरा पडला होता. मी सगळ्यात मागच्या बाकावर जाऊन बसलो. पोरं दोनदा मागं वळून बघत होती, खरंच बसलेत का म्हणून.

तिनं सुरुवात थोडी घाईत केली. मग नकलेचं चित्र काढलं, खटका दाखवला, आणि हळूहळू तिचा आवाज खाली आला, स्थिर झाला. ती माझ्यापेक्षा चांगलं शिकवते. मी वहीत सगळं उतरवून घेत होतो. एका ठिकाणी मला अडलं. प्रोग्रॅमनं खटका स्वतःच बंद केला आणि त्याच पायरीला आपण चालू केला, तर मग? हे आम्ही तपासलंच नव्हतं. मी हात वर करून उभा राहिलो. सगळा वर्ग वळला.

प्राचीनं बघितलं. मग म्हणाली, “बसा सर. ते पुढं येतंय.”

मी बसलो आणि पान उलटलं.